शाळांच्या हद्दी आणि वर्णमिश्रण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी शाळेतील प्रवेश बहुधा घराच्या पत्त्यावर ठरत असल्यामुळे, शाळेची हद्द ही वरकरणी निव्वळ दफ्तरी सोयीची बाब वाटली, तरी एका वर्गात कोणकोणत्या वर्णांची मुले एकत्र बसणार, याचा निर्णय पुष्कळदा तीच करते. कारण गृहकर्जातील पक्षपातामुळे आणि खरेदीखतांतील वर्णनिर्बंधांमुळे जिथे गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या विभक्त राहिल्या, तिथे जवळच्या शाळेचा निरुपद्रवी नियमही त्याच विभक्ततेची पुनरावृत्ती करतो.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार स्वतंत्र शाळा घटनाबाह्य ठरविल्या आणि १९७१ मध्ये, उत्तर कॅरोलायनातील शार्लट-मेक्लेनबर्गच्या खटल्यात, हद्दींची फेररचना करण्यास, परस्परांस लागून नसलेले मोहल्ले एकाच शाळेस जोडण्यास आणि मुलांना बसने दूर नेण्यासही मान्यता दिली. परंतु उपनगरांच्या शिक्षणमंडळांचा दोष शाबीत झाल्यावाचून त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही, असा निकाल १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रकरणी झाल्याने, मंडळामंडळांतील सरहद्दी जवळजवळ अभेद्य राहिल्या. २००७ मध्ये एकेका विद्यार्थ्याचा वर्ण पाहून शाळा नेमण्याच्या सिएटल व लुइव्हिलच्या योजना रद्द झाल्या. मात्र वस्तीची घडण ध्यानात घेऊन हद्दी आखण्याची मुभा न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मान्य केली.

शार्लटमध्ये २००२ पासून वर्णाधारित वाटप संपून निकटच्या शाळेस प्राधान्य मिळताच शाळा पुन्हा वर्णनिहाय विभागू लागल्या. उलटपक्षी, मिश्रणार्थ केलेला फेरफारही, तो नापसंत असलेली कुटुंबे घर किंवा शाळाच बदलतात तेव्हा, काही अंशी निष्फळ होतो.