शटडाउननंतरचा खोकला

खोकला दोन आठवडे हटला नाही की सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी सांगितली जाते. टीबी अजून ठाण मांडून असलेल्या देशात ते योग्यच आहे. पण काही जणांच्या बाबतीत तपासणी निगेटिव्ह येते, एक्स-रे साफ असतो आणि स्टेथोस्कोप लावला की छातीत घरघर मात्र ऐकू येते. अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊन गेलेला असतो, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपलेल्या असतात. मग केसपेपरवर ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ असे लिहून रुग्णाला घरी पाठवले जाते. त्याच केसपेपरवर, नाव आणि वयाच्या जवळ, व्यवसायाचा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द भरलेला असतो : मजुरी.

शेतात खुरपणी करणे ही मजुरी आणि कारखाना चार दिवस बंद असताना मॅनहोलमधून बॉयलरच्या पोटात शिरून नळ्यांवरची राख खरवडणे हीसुद्धा मजुरीच. कारखान्याच्या भाषेत या बंद काळाला ‘शटडाउन’ म्हणतात. बॉयलर तेलावर चालणारा असेल, तर त्या राखेत व्हॅनेडियम नावाचा धातू असतो. हा धातू बहुतेकांनी शाळेतल्या आवर्तसारणीच्या तक्त्यावर पाहिला असेल, आणि तिथेच सोडून दिला असेल.

तेलात धातू कुठून आला? खनिज तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांचे आणि वनस्पतींचे अवशेष. त्यांच्यातील हरितद्रव्याच्या रेणूची चौकट तेलात टिकून राहिली आणि तिच्या मधोमध व्हॅनेडियम जाऊन बसला. आल्फ्रेड ट्राइब्ज या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९३०च्या दशकात हे दाखवून दिले. रिफायनरीत पेट्रोल, केरोसीन, डिझेल वर निघून जाते. धातू तळाच्या जाड काळ्या गाळात राहतो. हाच गाळ फर्नेस ऑइल म्हणून बॉयलरमध्ये आणि जहाजांच्या इंजिनात जळतो. जहाजांच्या जड इंधनाच्या एका नेहमीच्या प्रतीत किलोमागे ३५० मिलिग्रॅमपर्यंत व्हॅनेडियम आंतरराष्ट्रीय मानकाला चालतो. त्याहून बरेच कमी, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम धरले तरी टनाला १०० ग्रॅम होतात. तेल जळून जाते, धातू जळून नाहीसा होत नाही. तो ऑक्सिजनशी संयोग पावून प्रामुख्याने व्हॅनेडियम पेंटॉक्साइड बनतो आणि राखेबरोबर नळ्यांवर, भिंतींवर, धुराड्याच्या वाटेवर चिकटून बसतो.

अभियंत्यांना हे उत्तम ठाऊक असते. वितळलेला व्हॅनेडियमचा थर बॉयलरच्या नळ्या खातो, म्हणून तेलाच्या तपासणी अहवालात व्हॅनेडियमचा आकडा स्वतंत्रपणे दिलेला असतो आणि तो जास्त असला तर नळ्या वाचवण्यासाठी तेलात मॅग्नेशियमची संयुगे मिसळतात. नळी वाचवण्याची इतकी तजवीज असते. तो अहवाल कारखान्याच्या डॉक्टरपर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि राख काढायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांना तर तो असतो हेही माहीत नसते.

वैद्यकाला हा आजार नवा नाही. डटन या डॉक्टरने १९११ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ‘व्हॅनेडियमिझम’ या नावाखाली त्याचे वर्णन केले होते. ब्रिटनमध्ये १९५२ साली विल्यम्स यांनी तेलाचे बॉयलर साफ करणाऱ्यांची लक्षणे नोंदवली. काम सुरू झाल्यावर काही वेळातच शिंका येतात, नाक गळते, डोळे चुरचुरतात. इतके तर कुठल्याही धुळीने होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. खरी लक्षणे त्यानंतर सहा ते चोवीस तासांनी उमटतात : घसा सोलल्यासारखा होतो, कोरडा खोकला उसळतो, छातीत शिट्टी वाजते, दम लागतो, अंग गळून जाते. म्हणजे माणूस घरी जाऊन जेवून झोपलेला असतो आणि पहाटे खोकत उठतो. खोकला आणि काम यांचा संबंध त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही, तर डॉक्टरच्या कसा येणार?

हा उशीर किती फसवा असतो, ते १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. झेन्झ आणि बर्ग या संशोधकांनी नऊ निरोगी स्वयंसेवकांना बंद खोलीत आठ तास व्हॅनेडियम पेंटॉक्साइडची मोजून सोडलेली धूळ हुंगायला लावली. असा प्रयोग आज कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही. दर घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम धूळ असताना दोघांना पाचव्या तासापासून खोकला सुरू झाला आणि तो आठ दिवस टिकला. प्रमाण त्याच्या पाव-पंचमांशावर आणले तेव्हा पाच जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला लागला आणि सात ते दहा दिवस राहिला. प्रमाण ०.१ मिलिग्रॅम इतके कमी केल्यावर उरलेल्या दोघांना खोलीत असताना काहीच जाणवले नाही. चोवीस तासांत मात्र छातीत कफ भरू लागला आणि तो जायला चार दिवस लागले.

प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग मात्र ठरवून झालेला नव्हता. पहिल्या गटातले दोघे तीन आठवड्यांनी चुकून पाच मिनिटे दाट धुळीत सापडले. सोळा तासांच्या आत त्यांना जोराचा खोकला लागला, दुसऱ्या दिवशी छातीत घरघर ऐकू येऊ लागली. आठ तासांच्या धुळीने जे झाले नव्हते, ते पाच मिनिटांत झाले. फक्त दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, पण एकामागून एक शटडाउनची कामे घेणाऱ्यांचा विचार करताना ही नोंद विसरून चालत नाही.

भारताच्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात हवेतील व्हॅनेडियम पेंटॉक्साइडची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम दिली होती. कष्टाचे काम करणारा माणूस आठ तासांत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसभरात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, साखरेच्या एका दाण्याहूनही कमी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका वीज केंद्राच्या बॉयलरवर काम चालू असताना हवेतील प्रमाण ०.०५ पासून ५.३ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार सुमारे १०० बॉयलर कामगारांपैकी ७४ जणांच्या श्वसनमार्गाला तीव्र दाह झाला होता.

त्या केंद्रात काम कसले चालले होते, हे महाराष्ट्रासाठी महत्त्वाचे आहे. तेलाचा बॉयलर कोळशाचा करणे चालले होते. आपल्या औद्योगिक वसाहतींतही अनेक कारखाने फर्नेस ऑइल सोडून गॅस किंवा ब्रिकेटकडे वळले आहेत. शहराच्या हवेसाठी गॅस चांगलाच. पण जुना बॉयलर मोडीत निघतो तेव्हा वर्षानुवर्षांचा थर एकदम सुटतो, आणि तो न धुता नळ्यांवर गॅस कटर चालवला तर राखेचा धूरही होतो. हे काम बहुधा भंगारवाल्याकडे जाते. तिथे ना हवेचे मापन, ना कामगारांची नोंद.

तेलाशी संबंध नसलेल्या एका ठिकाणीही हाच पदार्थ भेटतो. गंधकाम्लाच्या कारखान्यात सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करण्यासाठी जो कॅटॅलिस्ट वापरतात, त्याच्या कड्यांसारख्या गोळ्यांत व्हॅनेडियम पेंटॉक्साइड असते. शटडाउनमध्ये त्या बाहेर काढतात, चाळतात, भुगा टाकून देऊन पुन्हा भरतात. वर्षानुवर्षे तापून या गोळ्यांतील सिलिकाचे रूपही बदलते आणि धूळ दुहेरी घातक होते.

आजार बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत बरा होतो, हे खरे. धुळीपासून दूर राहणे, श्वासनलिका मोकळी करणारी औषधे आणि गरज पडली तर स्टेरॉइड, एवढ्याने काम भागते. अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. ओठ निळसर दिसले किंवा झोपल्यावर दम वाढला तर मात्र थेट मोठे रुग्णालय गाठावे. ‘आपोआप बरा होतो’ हे सगळ्यांना लागू नाही. दक्षिण आफ्रिकेतील व्हॅनेडियम कारखान्याच्या कामगारांवरील १९९९च्या अभ्यासात श्वासनलिका अतिसंवेदनशील झालेले १२ जण आढळले. त्यांना धुळीपासून हलवून काही महिने, काहींना जवळपास दोन वर्षे लोटल्यावरही नऊ जणांत ती संवेदनशीलता कायम होती. कर्करोगाबाबत माणसांतला पुरावा अपुरा आहे. उंदरांना दोन वर्षे ही धूळ हुंगवल्यावर फुप्फुसांत गाठी झाल्या, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ‘कर्करोग होऊ शकेल’ अशा गटात टाकले.

तोंडाला रुमाल बांधून हे टळत नाही, साध्या कापडी मास्कनेही नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, पी-१०० फिल्टर लावलेला रबरी मास्क मर्यादेच्या दहापटीपर्यंत पुरतो. त्यापुढे पूर्ण चेहरा झाकणारा, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मॅसॅच्युसेट्सच्या आकड्यांशी हे ताडून पाहिले तर बॉयलरच्या पोटात कोणता मास्क हवा ते कळते. पण मास्क ही शेवटची गोष्ट. त्याआधी बॉयलर पुरता थंड झाला पाहिजे, राख ओली केली पाहिजे, हवा बाहेर खेचणारा पंखा चालू हवा आणि झाडू किंवा कॉम्प्रेसरच्या फवाऱ्याऐवजी फिल्टर लावलेला व्हॅक्यूम हवा. कपडे तिथेच बदलावेत, नाहीतर धूळ बायको-मुलांपर्यंत पोहोचते. कामाआधी आणि नंतर फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी पाच-दहा मिनिटांची असते. ज्याला आधीच दमा आहे त्याला आत पाठवू नये, पण म्हणून त्याचा रोजही बुडवू नये. बाहेर करायची कामे पुष्कळ असतात.

सरकारला कळवण्याच्या २९ व्याधींच्या यादीत शिसे, पारा, मँगनीज आहेत. व्हॅनेडियमचे नाव त्यात नाही. त्यामुळे हा खोकला मोजला जात नाही आणि मोजला जात नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

एक खूण मात्र काही रुग्ण सोबत घेऊन येतात. जिभेवर हिरवट थर. शरीरात गेलेल्या व्हॅनेडियमचे रूपांतर होताना तो रंग उतरतो. त्यावरून आजार किती गंभीर आहे ते समजत नाही, आणि जीभ स्वच्छ असली म्हणून आजार नाही असेही नाही. पण धूळ आत गेल्याची ती साक्ष असते. घसा पाहायला टॉर्च हातात असतोच, त्याच उजेडात जीभ दिसते. मग मागच्या आठवड्यात काम कुठे केले एवढे विचारायचे आणि उत्तर रकान्यात लिहायचे : तेलाचा बॉयलर, आतून सफाई, चार दिवस, तोंडाला रुमाल.