मोनालचे रंग, मोनालचा उतार

उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढताना बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) झाडे विरळ होत जातात आणि पुढे बुग्याल, म्हणजे हिमालयातली उंचावरची कुरणे, लागतात. मोनाल पक्षी पाहायचा तर नजर याच सीमेवर ठेवावी. सावलीतला नर काळपटच दिसतो. तो दोन पावले उन्हात आला, की डोके हिरवे, मान तांब्याची आणि पंख निळे-जांभळे होतात.

यातल्या बहुतेक झळाळीमागे त्या त्या रंगाचे रंगद्रव्य नाही. पिसांच्या सूक्ष्म तंतूंत केराटिन आणि मेलॅनिन यांची अतिशय नेटकी, थरांची रचना असते. तिच्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, तेव्हा काही तरंगलांबी बळावतात, काही मावळतात. थरांतले अंतर बदलले की रंग बदलतो. पाहण्याचा कोन बदलला तरी बदलतो. मेलॅनिन स्वतः गडदच असते. मोराची निळाईही अशीच प्रकाशातून जन्मते, आणि मोर व मोनाल एकाच कुळातले. मोनालच्या शेपटीचा विटकरी रंग मात्र रंगद्रव्याचा, म्हणून तो सावलीतही विटकरीच राहतो.

मादी तपकिरी, गळा तेवढा पांढरा. जमिनीवरच्या खळग्यात एकटीने अंडी उबवायची, तर न दिसणे हेच तिचे संरक्षण.

मला या पक्ष्याच्या पिसाऱ्याइतकीच त्याची चोच विलक्षण वाटते. बाकदार, दणकट अशा त्या चोचीने तो माती आणि बर्फ उकरून कंद, मुळे, किडे काढतो. उन्हाळ्यात वृक्षरेषेच्या वर, हिवाळ्यात खाली ओक-देवदारांच्या जंगलात असे त्याचे वर्ष सरते. सुमारे २,००० ते ४,५०० मीटरपर्यंतचा अख्खा उतारच त्याचे घर आहे. मधले जंगल तुटले, तर वरचे कुरण शाबूत राहूनही हिवाळ्यात त्याला आसरा उरत नाही.

हिमाचलात नराच्या तुऱ्याची पिसे टोपीवर मिरवण्याची रीत होती, त्यापायी पुष्कळ शिकार झाली. आज वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. हा उत्तराखंडाचा राज्यपक्षी आणि नेपाळचा राष्ट्रीय पक्षी. नेपाळात त्याला डाँफे म्हणतात. जगभराचा विचार करता तो आज संकटग्रस्त गणला जात नाही. तरी एक गोष्ट मला अस्वस्थ करते: मे-जूनमध्ये कीडाजडी ही औषधी बुरशी गोळा करायला माणसे बुग्यालांवर मुक्काम ठोकतात आणि चुलीसाठी खालच्या जंगलातले लाकूड तोडतात. मोनालच्या माद्या अंड्यांवर बसतात तो काळही हाच.