रांगेत घुसमटणारी पिकअप

मालवाहू गाडीची देखभाल : लेखांक 6

मागच्या आठवड्यात क्लच आणि गिअरबॉक्स पाहिले. आता इंजिन. नाशिक जिल्ह्यातल्या पिकअपमालकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी हीट मारते, चढाला ओढत नाही, मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि मग कितीही रेस द्या, वेग वाढत नाही. इंजिनच हलकं निघालं, असं मालकाला वाटतं. मला तसं वाटत नाही. यातली पुष्कळ दुखणी आपल्या कामाच्या रीतीतून येतात, आणि त्यातलं सगळ्यांत महागडं दुखणं बाजार समितीच्या रांगेत सुरू होतं.

लासलगावला कांद्याचा लिलाव गाडीतल्या मालावरच होतो. गाडी रांगेत लागते, चार हात पुढे सरकते, थांबते. भाव ठरला की काट्यावर पुन्हा रांग, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर तिसरी. एवढा वेळ बरेच जण इंजिन बंद करत नाहीत. जुन्या गाड्यांना हे खपून जायचं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा 50 वरून 10 पीपीएमवर आली आणि सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ बसला. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी बारीक छिद्रांची जाळी. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी जाळीत साधारण 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. हायवेला गाडी एका चालीत पळाली तर ते जमतं. रांगेत उभ्या गाडीचा धूर त्याच्या जवळपासही तापत नाही. काजळी मात्र साठतच राहते.

पुढचा भाग फार थोड्या मालकांना माहीत असतो. जाळी तापवण्यासाठी बऱ्याच इंजिनांत थोडं जादा डिझेल उशिरा फवारलं जातं. ते धुरासोबत पुढे जाऊन जळतं. पण हे काम चालू असताना मालकानं चावी फिरवली आणि असं वारंवार झालं, तर न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ओझरकडच्या एका गॅरेजात मी हे डोळ्यांनी पाहिलं. मेकॅनिकनं डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मालक खूश होता, गाडी ऑइल खात नाही म्हणून. मेकॅनिकनं काडी त्याच्या नाकाशी धरली, तेव्हा डिझेलचा वास आला. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही, टर्बोही नाही. ऑइल कमी झालं की आपण घाबरतो. वाढलं तर त्याहून जास्त घाबरायला हवं.

डीपीएफचा दिवा लागला की गाडी लगेच हायवेला काढा. कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेवढा वेळ, सहसा वीस-तीस मिनिटं, एक गिअर खाली ठेवून सलग चालवा. मध्ये बंद करू नका. दिव्याकडे काणाडोळा केला तर गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद आवरती घेतं. मग कॉम्प्युटर लावून जाळी साफ करावी लागते, आणि तेही वेळेत नाही केलं तर जाळीच बदलावी लागते. काही जण ती कापून टाकायचा सल्ला देतात. ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही, वॉरंटीही जाते, आणि तो धूर शेवटी आपल्याच बाजारात, आपल्याच माणसांच्या छातीत जातो.

ऑइलबद्दल एवढंच: बीएस-6 गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. जुन्या गाडीचा उरलेला डबा नव्या गाडीत ओतू नका.

ज्या गाड्यांना युरियाची वेगळी टाकी आहे, त्यांच्या बाबतीत शेतकऱ्याच्या घरात एक मोह असतो: पोत्यातला युरिया पाण्यात कालवायचा. टाकीतलं द्रावण 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असं असतं. खताच्या युरियाला 2015 पासून कडुलिंबाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप आणि बोअरचे क्षार मिळून फवारणीचं नोझल बुजवतात आणि पुढचं कॅटॅलिस्ट निकामी करतात. पिकाला चांगलं ते गाडीला विष.

आता हीट. पेठकडून सावळघाट चढताना किंवा मुंबईहून भरून येताना कसारा घाटात गाडी तापली, की दोष थर्मोस्टॅटला दिला जातो. आधी रेडिएटर बघा. कांद्याच्या बाजारात उडणारे पापुद्रे पंखा आत ओढतो आणि ते जाळीला पोस्टरासारखे चिकटतात. वरून धूळ बसली की हवा जाणंच बंद. इंजिन थंड असताना मागच्या बाजूनं हलक्या दाबाच्या पाण्यानं जाळी धुवा. जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घालत राहिलात, तर आतून चुना धरतो. त्यात पासिंग 1.7 टनांचं आणि माल अडीच टन असेल, तर हेड गॅस्केट जाणारच. रिझर्व्ह टाकीत बुडबुडे येऊ लागले किंवा ऑइल दुधाळ झालं, तर गाडी तिथेच उभी करा. घर गाठायच्या नादात हेड वाकतं आणि इंजिनाचं काम निघतं.

घाट चढून आल्यावर मात्र मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. टर्बो तापलेला असतो, त्याला फिरतं ऑइल मिळायला हवं. हे सोडलं, तर उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्यात मालकाचा काही फायदा नाही.

बाजार समित्यांना माझी विनंती आहे. आवक वाढते त्या दिवसांत गाड्यांना टोकन द्या, नंबर भोंग्यावर पुकारा, म्हणजे चालक इंजिन बंद करून सावलीला बसतील. आणि मालकांनो, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल, तर माल भरायच्या आधी मेकॅनिककडे जा.