प्रतिभावंत कलावंताच्या अटी आणि संगीत-वारशाचे अर्थशास्त्र

एखादा गायक वा वादक असामान्य प्रतिभेचा असतो. परंतु तो मानधनात तडजोड करीत नाही, ध्वनिक्षेपक नाकारतो, शिष्य स्वीकारत नाही आणि ध्वनिमुद्रणास सहजी संमती देत नाही. समाज अशा कलावंताला लहरी ठरवितो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न स्वभावापेक्षा मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा अधिक असतो. कलावंताच्या अटींमागील अर्थ त्याच्या हयातीत समजून घेतला नाही, तर त्याच्या पश्चात वारसा विखुरतो आणि ती हानी कोणत्याही अनुदानाने भरून निघत नाही. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

अटींमागील तर्क

गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंनी १९२१ पासून उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली. १९४६ मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत हे शिक्षण चालू होते. पाव शतकाची ही साधना म्हणजे मानवी भांडवलातील दीर्घ गुंतवणूक होय. तिचा परतावा मोजक्या मैफलींतूनच मिळणार असेल, तर प्रत्येक मैफलीचे मानधन आणि दर्जा यांविषयी आग्रह धरणे हे तर्कसंगत ठरते.

या आग्रहाला आणखी एक कारण आहे. विल्यम बॉमॉल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगजीवी कलांच्या खर्चाविषयी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढते. मात्र तासाभराचा ख्याल शंभर वर्षांपूर्वी तासाभराचा होता आणि आजही तासाभराचाच आहे. इतर क्षेत्रांतील वेतन वाढत गेले की अशा कलेचा सापेक्ष खर्चही वाढत जातो. यालाच 'खर्चव्याधी' म्हणतात. संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर हा भार संगीत मंडळे, आकाशवाणी, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि तिकीट काढणारा श्रोता यांच्यावर येऊन पडला.

ध्वनिक्षेपक आणि नभोवाणी यांविषयी केसरबाईंच्या मनात अविश्वास होता. आवाजाचा पोत आणि श्रोत्यांची निवड या दोन्ही गोष्टी माध्यमाच्या हाती गेल्या की कलावंताचे नियंत्रण सुटते, ही भीती निराधार नव्हती. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे साडेतीन मिनिटेच मिळत. विलंबित ख्यालाचा संथ विस्तार त्या चौकटीत मावणे अशक्य होते.

वारशाचे तीन घटक

संगीताचा वारसा ही एकसंध वस्तू नाही. त्याचे तीन घटक वेगळे करून पाहावे लागतात.

पहिला घटक ज्ञानाचा. तो शिष्यांमधून पुढे जातो. केसरबाईंनी दीर्घकाळ शिष्य स्वीकारले नाहीत. पुढे धोंडुताई कुलकर्णी यांना त्यांची तालीम लाभली. अन्नपूर्णादेवी व्यावसायिक ध्वनिमुद्रणापासून दूर राहिल्या. परंतु निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया यांसारख्या शिष्यांमुळे त्यांची विद्या देशभर पोहोचली.

दुसरा घटक ध्वनीचा. तो मुद्रणातून टिकतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्ण तबकडीत केसरबाईंच्या भैरवीचा समावेश झाला. यानांचे प्रक्षेपण ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये झाले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले. ज्या माध्यमाविषयी त्या साशंक होत्या, त्याच माध्यमातील काही मिनिटांनी त्यांचा स्वर सूर्यमालेपलीकडे नेला.

तिसरा घटक नावाचा व प्रतिष्ठेचा. चुकीच्या श्रेयामुळे किंवा मूळ गायनात केलेल्या विकृत फेरफारामुळे त्याला बाधा पोहोचते. त्याचे रक्षण प्रामुख्याने कायदाच करू शकतो.

कायद्याची चौकट

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ याच्या मूळ स्वरूपात गायक-वादकाला सादरीकरणावर स्वतंत्र हक्क नव्हता. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क सामान्यतः निर्मात्या कंपनीकडे असे. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याच्या हक्काला २५ वर्षांचे संरक्षण मिळाले. १९९९ मध्ये ही मुदत ५० वर्षे करण्यात आली. २०१२ च्या दुरुस्तीने नैतिक हक्कही दिले. आपल्या नावाचा उल्लेख व्हावा असा आग्रह धरणे आणि प्रतिष्ठेला हानी पोहोचविणाऱ्या फेरफाराला आक्षेप घेणे, हे त्यांचे स्वरूप आहे.

येथे परीक्षार्थींनी एक भेद ध्यानात ठेवावा. राग ही कोणाचीही मालमत्ता नाही. मौलिक बंदिशीवर रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे, तर प्रयोगकर्त्याचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे टिकतो. गायक हा आपोआप रचनाकार ठरत नाही. 'शिवस्तुती' या रचनेसंबंधीच्या डागर विरुद्ध ए. आर. रहमान वादात हाच मुद्दा पुढे आला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने एप्रिल २०२५ मध्ये डागर यांच्या बाजूने दिलेला अंतरिम आदेश खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द केला. मौखिक परंपरेत कर्तृत्वाचा पुरावा वेळीच नोंदविणे किती निकडीचे आहे, हे यावरून दिसते.

व्यवस्थापनाची दिशा

कलावंत आणि आयोजक यांच्यातील बहुतेक कलह अपूर्ण करारांतून उद्भवतात. सभागृह, ध्वनियोजना, वेळ, साथीदार, मानधन आणि मुद्रणाची परवानगी या बाबी आधीच लेखी ठरल्या, तर 'लहर' म्हणून हिणविल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी साध्या अटी ठरतात. कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ही तरतूद अनेक कलावंतांना ठाऊक नसते आणि माहितीच्या या विषमतेचा लाभ दुसऱ्या पक्षाला मिळतो.

मुद्रणाला नकार देणाऱ्या कलावंतापुढे मधला मार्गही ठेवता येतो. मुद्रण अभिलेखागारात सुरक्षित ठेवायचे आणि ते खुले केव्हा व कोणासाठी करायचे हे कलावंताने ठरवायचे, असा करार होऊ शकतो. संगीत नाटक अकादमी आणि आकाशवाणी यांचे संग्रह, तसेच गुरुग्राम येथील लोकसंगीतशास्त्रविषयक अभिलेखागार यांसारख्या संस्थांमुळे जतनाची सोय देशात उपलब्ध आहे. भारताने २००५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसाविषयक कराराला मान्यता दिली. त्यामुळे हे जतन सार्वजनिक धोरणाचाही भाग बनले आहे.

तथापि, सार्वजनिक हिताच्या नावाखाली कलावंतावर सक्ती करणे योग्य नव्हे. त्याची संमती हीच या साऱ्या व्यवस्थेची पायाभूत अट आहे. ती विश्वासाने, वेळेत आणि लेखी स्वरूपात मिळविणे हे कुटुंबीय, शिष्य, आयोजक आणि शासकीय संस्था यांचे समान कर्तव्य होय. कलावंत हयात असतानाच हे कार्य साधू शकते. नंतर वारसांचे वाद आणि विखुरलेल्या ध्वनिफिती एवढेच हाती उरते.