तळमजल्यावर कोण राहतं?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. त्या धास्तीने पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकांनी, माझ्याच सांगण्यावरून, नवा संगणक घेतला. जुन्यातून एकच गोष्ट जशीच्या तशी उचलून आणायची होती : एक व्हर्च्युअल मशीन. संगणकाच्या पोटातला संगणक. त्यात विंडोज एक्सपी, एक्सपीत पेजमेकर, आणि पेजमेकरमध्ये वीसेक वर्षांचे दिवाळी अंक, सगळे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतले. फाइल आणली, 'स्टार्ट' दाबलं. काळी खिडकी उघडली आणि मिटली. प्रकाशककाका माझ्याकडे बघत होते. गेली पंधरा वर्षं ते असेच माझ्याकडे बघत आलेत.

व्हर्च्युअल मशीनचा आधीचा इतिहास मला कधी फारसा रमवू शकला नाही. एका यंत्रात अनेक यंत्रं ही कल्पना जुनीच. आयबीएमचं व्हीएम/३७० आलं १९७२मध्ये, पण ते खोलीएवढ्या संगणकांचं काम. १९९९मध्ये व्हीएमवेअरने ते टेबलावरच्या पीसीत आणलं. २००७च्या जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्स आलं, मग जर्मनीतली ती कंपनी सनने घेतली आणि २०१०मध्ये सनलाच ओरॅकलने. मालक बदलत राहिले. आम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण आमच्याकडे तेव्हा कुणी हे मागतच नव्हतं.

मागायला लागले ते विंडोज ७ आल्यावर. माझं दशक तिथून सुरू होतं. नव्या ६४-बिट यंत्रावर जुनी सॉफ्टवेअरं रुसली आणि त्यांच्यासाठी आत एक्सपीचं बिऱ्हाड थाटायची वेळ आली. जानेवारी २०१०, एक डीटीपी सेंटर, लग्नसराईच्या पत्रिकांचा ढीग, आणि विंडोज ७चा 'एक्सपी मोड' सुरूच होईना. प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय हवी, असा संदेश. ती होती. पण मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी बायोसमध्ये ती बंद करूनच पाठवलेली! विजेचं बिल भरायचं, पण मेन स्विच खाली, तशातली गत. यंत्र चालू होताना डिलीटची कळ बडवायची, निळ्या पडद्यावर ती ओळ शोधायची, 'डिसेबल्ड'चं 'एनेबल्ड' करायचं, एफ१० दाबायचं. एवढं करूनही चालेना. मग कुठून तरी कळलं की काही बोर्डांना नुसतं रीस्टार्ट पुरत नाही. यंत्र पूर्ण बंद करून, वायर काढून, पुन्हा लावावी लागते. वायर काढली, मनात दहा आकडे मोजले, लावली. आत एक्सपीची ती हिरवी टेकडी उगवली आणि सेंटरमधल्या चौघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने ती अटच काढून टाकली. पण तोवर मी गावात 'वायर काढणारा' म्हणून प्रसिद्ध झालो होतो.

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. कोअर २ ड्युओ म्हणून जे विकलं जाई, त्यातल्या ई६३००मध्ये ही सोय होती, नंतरच्या ई४५००मध्ये नव्हती. नाव एक, डबा एक. दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा रॅम किती ते सांगायचा.

८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार संपला आणि जिथे जिथे एक्सपी होतं, तिथे तिथे ते आत राहायला गेलं. त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैत, व्हर्च्युअलबॉक्सने ४.३.१४मध्ये दाराला नवी कडी बसवली : अनोळखी कुणी आपल्या प्रक्रियेत घुसलेलं दिसलं, तर मशीन सुरूच करायचं नाही. आता सगळ्यांत घुसखोर प्राणी कोण? अँटिव्हायरस. राखणदार राखणदाराला चोर समजू लागला आणि मला दिवसाला चार फोन येऊ लागले.

पण मला आठवतो तो वेगळाच फोन. एका छापखान्यातल्या होतकरू पोराने डिस्क भरली म्हणून साफसफाई केली होती. 'स्नॅपशॉट्स' नावाचा फोल्डर त्याला सहलीच्या फोटोंचा वाटला. उडवला. त्या फोल्डरात व्हर्च्युअल डिस्कचे मधले थर असतात. साखळीतली एक कडी गेली की वरचं सगळं अधांतरी. मूळ डिस्क शाबूत होती, म्हणून यंत्र सुरू झालं, पण आठ महिन्यांपूर्वीच्या अवस्थेत. पोरगं रडवेलं झालं होतं. मी त्याला लॉग वाचायला शिकवलं : फाइल उघड, तळापासून वर ये, कारण शेवटाजवळच सापडतं. आज तो माझ्यापेक्षा बरा कारागीर आहे.

त्या दशकाचं मला अप्रूप आहे ते एवढ्याचसाठी. यंत्र सुरू झालं नाही, तर कारण आपल्याच घरात असे. स्विच बंद, डिस्क भरलेली, कडी निखळलेली. आपण वाड्याचे मालक, आतलं एक्सपी आपला भाडेकरू. भांडण झालं तरी ते मालक-भाडेकरूचं.

आता तसं नाही. काकांच्या यंत्राचं पहिलं दुखणं जुनंच निघालं : मशीन नीट बंद न करता झोपवून ठेवलं होतं, आणि ती अवस्था नव्या प्रोसेसरला पटेना. ती टाकून दिली आणि एक्सपी उठलं. पण रांगत. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव. याचा अर्थ प्रोसेसरची ती खास सोय आधीच कुणीतरी ताब्यात घेतली आहे. नव्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी, बऱ्याच यंत्रांवर मुळातच, एक हायपरव्हायझर, म्हणजे यंत्रात यंत्रं चालवणारा थर, खाली चालू असतो आणि खुद्द विंडोज त्याच्या माथ्यावर बसतं. म्हणजे ज्याला मी मालक समजत होतो, तोही भाडेकरूच. आमचं एक्सपी आता भाडेकरूचा पोटभाडेकरू.

तो थर काढता येतो. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग बंद करायचं, एक आज्ञा द्यायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. माझं बोट तिथवर गेलंही होतं. पण तो थर उगाच नाही. घातक सॉफ्टवेअरला गाभ्याशी पोचू न देण्यासाठी तो आहे, आणि काका बँकेची कामं याच यंत्रावर करतात. मी कासव राहू दिलं. अंक एकेक करून पीडीएफमध्ये काढायला सांगितले.

काकांनी चष्मा वर केला, पडद्यावरच्या कासवाकडे पाहिलं. "बरंय की," म्हणाले, "देवळात आधी कासवच असतं."

खरं आहे. फक्त देवळात गाभाऱ्यात कोण आहे ते ठाऊक असतं. इथे ते मला आता विचारून घ्यावं लागतं.