खऱ्या वाक्यातील दिशाभूल

बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड या तांब्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात निवडणुकीचे पत्रक छापायचे झाल्यास त्याच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता द्यावाच लागतो, कारण लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२७-अ तसे बंधन घालते. प्रकाशकाने आपल्या ओळखीविषयीचे प्रतिज्ञापन सही करून, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह, दोन प्रतींत मुद्रकाच्या हाती द्यायचे आणि मुद्रकाने त्यातली एक प्रत छापील पत्रकाबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बालाघाटला, पाठवायची, अशी ही पद्धत आहे. ती मोडल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दूरचित्रवाणी किंवा केबलवरील जाहिरातीला याहून कडक चाळणी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशापासून अशी जाहिरात दाखवण्यापूर्वी तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते.

या साऱ्या व्यवस्थेचा भर जाहिरात कोणाची आहे आणि ती सभ्यतेला धरून आहे का, यावर आहे. खोटेपणाविरुद्धची मुख्य तरतूद, कलम १२३(४), उमेदवाराचे वैयक्तिक चारित्र्य व वर्तन आणि त्याची उमेदवारी यांविषयीच्या असत्य विधानांपुरती आहे. एखाद्या कायद्याच्या परिणामाविषयी कोणी मतदारांची दिशाभूल केली, तर ती या कलमाच्या कक्षेत येत नाही. अशा दिशाभुलीचे उदाहरण म्हणून समलिंगी विवाहाचा प्रश्न घेऊ; तो भारतात मतपेटीपर्यंत गेलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्याचा विषय विधिमंडळाच्या अखत्यारीतला ठरवला. तो उद्या प्रचारात आला, तर काय घडेल, हे समजण्यासाठी आयर्लंडकडे पाहावे लागते.

आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ रोजी या प्रश्नावर सार्वमत, म्हणजे राज्यघटनेतील बदलावर मतदारांचा थेट कौल, घेण्यात आला. मराठी वाचकाला या मोहिमेतील एक नाव जवळचे आहे: ज्यांच्या वडिलांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, त्या लिओ वराडकर यांनी आरोग्यमंत्री असताना, १८ जानेवारी २०१५ रोजी, आपण समलिंगी असल्याचे आकाशवाणीवरील मुलाखतीत जाहीर केले. त्या देशात दूरचित्रवाणी व आकाशवाणीवर राजकीय जाहिरातींना मुळातच बंदी असल्याने प्रचाराचा मोठा भार दिव्यांच्या खांबांवरील फलकांवर पडला.

विरोधी बाजूचा एक फलक बारकाईने पाहण्याजोगा आहे. आई आणि वडील तान्ह्या बाळाचे चुंबन घेत आहेत आणि मुलांना आई व वडील दोघेही मिळायला हवेत, अशा आशयाचा मजकूर आहे. या मजकुरात खोटे म्हणून बोट ठेवावे असा शब्द सापडत नाही, आणि त्याचे बळ नेमके तिथेच आहे. मतदारांसमोरील प्रश्न दोन व्यक्तींना, त्या कोणत्याही लिंगाच्या असोत, कायद्यानुसार विवाह करता यावा का, एवढाच होता. पालकत्व व दत्तकाची तरतूद करणाऱ्या कायद्यावर मतदानापूर्वीच, एप्रिलमध्ये, राष्ट्राध्यक्षांची सही झाली होती. दिशाभूल होती ती या दोन गोष्टींच्या जोडणीत. दुसऱ्या फलकाने दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयातून मूल जन्माला घालण्याचा, अर्थात सरोगसीचा, विषय असाच पुढे आणला. पहिल्या फलकावरील छायाचित्र तर विक्रीस असलेल्या छायाचित्रसंग्रहातले होते, आणि त्यातील दांपत्याने आपण समलिंगी विवाहाच्या बाजूचे असल्याचे जाहीरपणे सांगितले.

अशा फलकावर मुद्रकाचे नाव कितीही ठळक छापले तरी त्याचा उपयोग नसतो. उपयोगी पडली ती न्यायमूर्ती केविन क्रॉस यांच्या अध्यक्षतेखालील सार्वमत आयोगाची व्यवस्था, कारण कोणत्याही बाजूचा प्रचार न करता प्रश्नाचा अर्थ मतदारांना समजावून सांगणे हेच त्या आयोगाचे कायदेशीर काम होते, आणि सरोगसीच्या कायद्यावर या मतदानाने काही फरक पडणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. फलक उतरवण्याचा अधिकार नसतानाही अधिकारवाणीने केलेला हा खुलासा कोणत्याही बंदीपेक्षा मोलाचा होता, कारण त्याने कोणाचे तोंड न दाबता मतदाराला मूळ प्रश्नाकडे परत नेले. सुमारे ६२ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात पत्रकाची प्रत दप्तरी जमा होते. त्यातील कायदेविषयक दाव्याचा खरा अर्थ मतदाराला सांगणे मात्र कोणावरही बंधनकारक नाही. ही उणीव भारतीय निवडणूक व्यवस्थेने भरून काढली पाहिजे. प्रश्न समजावून सांगण्याचे, पूर्वी प्रत्येक सार्वमतासाठी नव्याने नेमलेल्या आयोगाकडे असलेले काम आयर्लंडने २०२३ मध्ये आपल्या स्थायी निवडणूक आयोगाकडे सोपवले आहे.