आडनावातलं गाव

पातूरचं कुटुंब अकोल्यात राहो, नागपुरात राहो की पुण्यात, दारावरच्या पाटीवर ‘पातूरकर’ असलं की मूळ गाव सांगावं लागत नाही. अकोटकर, बाळापूरकर, मूर्तिजापूरकर यांचंही तेच. शेत विकलं, वाडा पडला, तरी गाव नावाला धरून राहतं.

समुद्रापार गेलेल्या मराठी मजुरांच्या वाट्याला एवढंही आलं नाही.

मॉरिशसला जुन्या मराठीत मोरस म्हणत आणि तिथल्या साखरेला मोरस साखर. तिथं गुलामगिरी मोडीत निघत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर 1920 पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं करारावर तिथं गेली. मराठी माणसं मुंबई बंदरातून चढली, ती मुख्यतः कोकणातली. वऱ्हाडात त्याच सुमारास वेगळं चित्र होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला आणि इकडेच बाहेरून माणसं कामाला येऊ लागली.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. कारकून नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव असं सगळं वहीत उतरवून घेई. पण पुढं चाललं ते फक्त मजुराचं स्वतःचं नाव. तेच नातवंडांचं आडनाव झालं. बापाचं नाव आणि गाव दोन्ही वहीतच राहिली. कराराच्या अटींइतकाच हाही अन्याय होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

तरी माणसांनी धागा सोडला नाही. घरात क्रिओल बोलणारी मराठी कुटुंबं आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं ‘झाकरी’ झाली. शाळांत मराठी शिकवली जाते. 28 एप्रिल 2023 रोजी तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या वह्या जपलेल्या आहेत, 1860 च्या दशकापासूनचे मजुरांचे फोटोही आहेत. खापरपणजोबाचा चेहरा तिथं पहिल्यांदा दिसतो. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी भारतीय वंशाच्या सातव्या पिढीतल्या मॉरिशसवासीयांनाही ‘ओसीआय’ (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल असं जाहीर केलं, तेव्हापासून या वह्यांचं मोल आणखी वाढलं.

वहीत गाव सापडलं तरी शोध संपत नाही. परक्या लिपीत, कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं ते नाव असतं, आणि एका नावाची गावंही अनेक. एकट्या अकोला जिल्ह्यात बघा ना: एक पातूर, म्हणजे जुन्या कागदांतलं पातूर शेखबाबू, आणि दुसरं पातूर नंदापूर. वहीत नुसतं ‘पातूर’ असतं, तर सातव्या पिढीतल्या मुलीनं अकोल्याच्या स्टँडवर उतरून कुठली एसटी धरायची?